नियमकर्त्याचा नियमभंग

नियमाविषयी मनुष्याच्या तक्रारी दोन प्रकारच्या असतात. नियमच वाईट आहे, ही पहिली; आणि नियम चांगला आहे, पण तो घालून देणाराच तो पाळीत नाही, ही दुसरी. पहिल्या तक्रारीत नुकसान बहुधा मोठे असते; दुसरीत पुष्कळदा ते रुपयाआण्यांत मोजताही येत नाही. असे असून संतापाचा पारा दुसरीतच अधिक चढतो, हे आम्ही गेली तीस वर्षे वर्गात, शिक्षकांच्या खोलीत आणि स्वतःच्या घरीही पाहत आलो आहो. जाचक नियमाखाली वर्षानुवर्षे मुकाट्याने राबणारा मनुष्य नियम करणाराला तो मोडताना एकदाच पाहतो आणि पेटून उठतो. हा संताप मत्सरातून येतो की न्यायबुद्धीतून, आणि न्यायबुद्धीतून येत असेल तर झालेली जखम नेमकी कोठे असते, हा प्रश्न आमच्या मनात फार दिवस घोळत होता. गेल्या दिवाळीत तो अगदी दारात येऊन उभा राहिला.

आमचा एक जुना विद्यार्थी पाडव्याच्या दिवशी भेटावयास आला होता. मोबाइल फोनवर चालणारी अ‍ॅप लिहिणे हा त्याचा व्यवसाय. अशा लोकांना हल्ली डेव्हलपर म्हणतात. त्याचे मराठी ‘विकासक’ असे करावे, तर आमच्या पुण्यात त्या शब्दाने जुने वाडे पाडून इमारती उठवणारे गृहस्थच डोळ्यांपुढे येतात; म्हणून येथे आम्ही परका शब्दच ठेवतो. त्याचे अ‍ॅप लहानसे आहे. वृद्ध माणसांची औषधाची वेळ झाली की फोनची घंटा वाजते आणि कोणती गोळी घ्यावयाची ते पडद्यावर दिसते. वापरणारे थोडे, वर्गणी बेताची. पण त्यावर त्याचे व त्याच्या एका सोबत्याचे घर चालते.

दोन वर्षांपूर्वी दसऱ्याला त्याने वर्गणीत सवलत जाहीर केली आणि ती वार्ता त्याच औषधाच्या घंटेने सर्वांच्या फोनवर धाडली. पुढे अ‍ॅपची सुधारलेली आवृत्ती मंजुरीसाठी पाठवली, ती परत आली. ज्या कंपनीच्या पेठेतून हे अ‍ॅप लोकांच्या हाती पडते, तिने लिहिले होते की सूचनेची घंटा जाहिरातीसाठी वाजवू नये असा नियम आहे. वापरणाराची शांतता आणि त्याचा विश्वास यांसाठी तो केलेला आहे. प्रथम त्याला राग आला. मग आठवले की त्या दिवशी खुद्द त्याची आई ती घंटा ऐकून गोळी घ्यावयास उठली होती आणि एक घेतली की दोन, याचा घोळ सायंकाळपर्यंत पुरला होता. ‘सर, त्यांचे बरोबर होते,’ तो आम्हांला म्हणाला, ‘मला ते आधी सुचायला हवे होते.’ त्याने तो भाग काढून टाकला, वापरणाऱ्यांची क्षमा मागितली आणि पुन्हा त्या वाटेला गेला नाही. त्यापायी काही वर्गण्या बुडाल्या, त्या सोसल्या. यंदा उन्हाळ्यात एके दुपारी आईचा फोन वाजला. औषधाची वेळ झाली म्हणून ती उठली. पडद्यावर त्याच कंपनीच्या एका अ‍ॅपने त्याच कंपनीच्या दुसऱ्या एका सेवेची जाहिरात पाठवली होती.

हे सांगताना त्याचा आवाज चढला. ‘यात तुझे नुकसान किती झाले?’ आम्ही विचारले. ‘काहीच नाही.’ ‘मग?’ त्याला उत्तर देता येईना. खरे सांगावयाचे तर आम्हांलाही देता आले नाही, आणि फराळाचे ताट मध्ये ठेवून आम्ही दोघे बराच वेळ गप्प बसलो.

ज्या वाचकांचा या व्यवहाराशी परिचय नाही त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. अ‍ॅपल कंपनीने आपली पेठ जुलै २००८ मध्ये उघडली, तेव्हा तीत सुमारे ५०० अ‍ॅप होती. गूगलची पेठ त्याच वर्षी ऑक्टोबरात उघडली. अ‍ॅपलच्या फोनवर कोणाला काही विकावयाचे असेल तर ते बहुतेक देशांत या एका वेशीतून आत आले पाहिजे, वेशीवरच्या तपासनिसांनी ते पारखले पाहिजे, आणि विक्रीतला हिस्सा, जो मूळचा शेकडा ३० आणि लहान धंदेवाल्यांना २०२१ पासून शेकडा १५, पेठेच्या धन्याला दिला पाहिजे. वेशीवर काय चालेल व काय चालणार नाही याचे नियम अ‍ॅपलने डेव्हलपरांच्या हाती दिले ते सप्टेंबर २०१० मध्ये. तोवरची दोन वर्षे बिचारे ठेचा खाऊनच नियम शिकत होते. आपल्याकडच्या जुन्या पेठांत शेटे-महाजन असत. उदमी लोक आणून वसवावे, पेठेची व्यवस्था पाहावी आणि त्याबद्दल आपला हक्क घ्यावा, असे त्यांचे काम असे. नव्या पेठांच्या धन्यांचे काम पुष्कळ अंशी तेच आहे. फरक इतकाच की पेठेतली सर्वांत मोठी दुकानेही त्यांचीच असतात, आणि तराजू-मापे तपासणारा कारकूनही त्यांचाच.

आमच्या विद्यार्थ्याचा अनुभव एकट्याचा नव्हे. अ‍ॅपलच्या नियमांत सूचनेच्या घंटेने जाहिरात करण्यास एके काळी पूर्ण बंदी होती. मार्च २०२० पासून वापरणाराने स्पष्ट संमती दिली असेल, आणि ती मागे घेण्याची सोय अ‍ॅपमध्येच असेल, तर अशी जाहिरात चालते. जून २०२५ मध्ये अमेरिकेतील अनेक लोकांच्या फोनवर वॉलेट नावाच्या अ‍ॅपची घंटा वाजली. बँकेची कार्डे, विमानाची तिकिटे इत्यादी ज्यात ठेवावयाची असे हे अ‍ॅप अ‍ॅपलचे स्वतःचे. म्हणजे घरातली तिजोरीच म्हणा. सूचना होती ती मोटारींच्या शर्यतीवरील एका चित्रपटाच्या तिकिटावर सवलत मिळेल अशी, आणि चित्रपट अ‍ॅपलनेच काढलेला. पैशाचे पाकीट उघडून आत कोणी हस्तपत्रक ठेवून गेला आहे असे दिसावे, तसे ते झाले. गवगवा झाला. तो करणाऱ्यांत ज्यांना एरवी जाहिरातींचे वावडे नाही असे लोक होते, आणि डेव्हलपर तर होतेच.

यावर एक उत्तर नेहमी दिले जाते व ते आम्ही हलके मानीत नाही. घर ज्याचे त्याने पाहुण्यांसाठी नियम करावे; पाहुण्याने जोडे बाहेर काढावे असे म्हणणारा यजमान स्वतः जोड्यांसह आत वावरला तर तो फार तर गबाळा ठरेल, अन्यायी ठरणार नाही. कंपनीने पेठ बांधली, पैसा ओतला, लोक जमवले. ज्याला तेथील रीत रुचत नाही त्याने दुसरीकडे जावे. परंतु हे घराचे रूपक येथे नीट बसत नाही. पाहुणा यजमानाला भाडे देत नाही, आणि यजमान पाहुण्याच्या शेजारी तोच माल मांडून बसत नाही. शिवाय जगातील बहुतेक सर्व मोबाइल फोन दोनच धन्यांच्या रचनेवर चालतात; तेव्हा ‘दुसरीकडे जा’ म्हणणे हे एका तीरावरच्या माणसाला पलीकडच्या तीरावर जा म्हणण्यासारखे आहे. तेथेही वेस आहे आणि वेशीवर कारकून आहे.

तथापि घराच्या रूपकातला खरा दोष आम्हांस याहून निराळा वाटतो. घरमालक जेव्हा ‘हे माझे घर आहे’ म्हणून नियम घालतो, तेव्हा तो कारण देत नाही, आज्ञा देतो. अशी आज्ञा पाळावी लागते, पण ती पाळणाऱ्याची फसवणूक होत नाही. पेठेच्या धन्यांनी मात्र असे कधी म्हटले नाही. त्यांनी कारणे दिली: वापरणाऱ्याची शांतता, त्याची खाजगी माहिती, त्याची सुरक्षितता. ही कारणे चांगली होती, आणि चांगल्या कारणाचा स्वभाव असा की ते कोणा एकाला बांधून थांबत नाही. घंटेने म्हाताऱ्या माणसाचा घोटाळा होतो हे जर जाहिरात न करण्याचे कारण असेल, तर ती घंटा कोणी वाजवली यावर तो घोटाळा अवलंबून नाही.

खाजगी माहितीच्या प्रकरणात हीच गोष्ट अधिक सूक्ष्म रूपाने दिसते. एप्रिल २०२१ पासून अ‍ॅपलने नियम केला की वापरणाराचा माग दुसऱ्या कंपन्यांच्या अ‍ॅपांतून व संकेतस्थळांतून काढावयाचा असेल तर आधी त्याची परवानगी विचारली पाहिजे. हा नियम चांगला होता असेच आमचे मत आहे. परंतु ‘माग काढणे’ या शब्दाची व्याख्या अशी केलेली होती की एकाच कंपनीने आपल्याच दुकानांत फिरणाऱ्या गिऱ्हाइकाची नोंद ठेवावी, तर तो माग नव्हे. या व्याख्येतही तथ्य नाही असे नाही. वाण्याला आपले गिऱ्हाईक काय घेते हे ठाऊक असणे वेगळे आणि दहा दुकानांची बातमी कोणी एकत्र करून विकणे वेगळे. पण ज्याची सारी पेठच आहे त्याला दुसऱ्याच्या दुकानात डोकावण्याची गरज तरी काय? फ्रान्सच्या स्पर्धा-नियामक संस्थेने ३१ मार्च २०२५ रोजी या प्रकरणी अ‍ॅपलला १५ कोटी युरो दंड केला. तिने नियमाच्या हेतूला दोष दिला नाही. तो अमलात आणण्याच्या पद्धतीला दिला. नकार द्यावयाचा तर वापरणाराने एकदाच द्यावा, पण होकार मात्र दोनदा द्यावा लागावा, अशी इतरांच्या अ‍ॅपांची स्थिती होती; आणि अ‍ॅपलच्या स्वतःच्या अ‍ॅपांत प्रारंभी ही विचारणाच नव्हती, पुढे आली ती एकेरी. त्याच देशाच्या माहिती-संरक्षण संस्थेने त्याआधी, २०२२ च्या अखेरीस, अ‍ॅपलच्या पेठेतील जाहिराती संमती न घेता वापरणाराला जुळवून दाखवल्याबद्दल ८० लक्ष युरोंचा दंड केला होता.

आमच्या देशातही हा वाद आला आहे. गूगलने आपल्या पेठेतील अ‍ॅपांवर असा निर्बंध घातला होता की डिजिटल मालाचे पैसे गूगलच्याच पद्धतीने घ्यावे व त्यावर तिचा हिस्सा द्यावा. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑक्टोबर २०२२ च्या निर्णयात या प्रकरणी ९३६.४४ कोटी रुपये दंड केला. तो करताना आयोगाने हेही नोंदले की गूगलचेच असलेले यूट्यूब त्या पद्धतीने पैसे घेत नव्हते. पुढे मार्च २०२५ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंडाची रक्कम २१६.६९ कोटींवर आणली. रकमेचा प्रश्न आमच्या विषयाचा नाही. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली त्याने अशीच एखादी पेठ पाहिली असावी. अमेरिकेतही जुलै २०२० मध्ये प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे अ‍ॅपलच्या प्रमुखांनी नियम सर्व डेव्हलपरांना सारखेच लावले जातात अशी ग्वाही दिली. आणि त्याच चौकशीत बाहेर पडलेल्या २०१६ च्या पत्रव्यवहारात अ‍ॅमेझॉनच्या चित्रपट-सेवेकडून शेकडा १५ च घेण्याची तयारी दिसून आली. अशी सवलत त्या जातीच्या इतर सेवांनाही खुली आहे, असे कंपनीचे म्हणणे होते. असेलही. पण ‘सर्वांना सारखे’ या शब्दांचा अर्थ त्यामुळे जरा ताणावा लागतो खरा.

येथवर आलेला वाचक विचारील की बलवानाने नियम मोडला यात नवल ते काय. बळी तो कान पिळी हे आम्हांला पूर्वीपासून ठाऊक आहे. इंग्लंडचा हॉब्स याने १६५१ मधील ‘लेव्हायथन’ या ग्रंथात तर हे तत्त्व म्हणूनच मांडले आहे. जो कायदा करू शकतो तो तो रद्दही करू शकतो. ज्याला स्वतःची गाठ स्वतःच हवी तेव्हा सोडता येते तो बांधलेला आहे असे म्हणण्यात अर्थ नाही. म्हणून राजा आपल्या कायद्याखाली येत नाही. युक्तिवाद बिनतोड दिसतो. पण या युक्तिवादावर चालणारा राजा प्रत्यक्षात कसा वागतो हे २०२३ च्या जानेवारीत पाहावयास मिळाले. ट्विटर कंपनीने त्या महिन्याच्या १२ तारखेस बाहेरच्या डेव्हलपरांनी लिहिलेली, ट्विटर वाचण्याची अ‍ॅप एकाएकी बंद पाडली. त्यांतले ट्विटरिफिक हे २००७ पासूनचे; ‘ट्वीट’ हा शब्द आणि पाखराचे चिन्ह यांचा वापर कंपनीच्याही आधी याच अ‍ॅपने केला होता. दरवाजा का लागला, हे कित्येक दिवस कोणी सांगितले नाही. मग १७ तारखेस कंपनीने जाहीर केले की आम्ही जुनेच नियम अमलात आणीत आहो, त्यामुळे काही अ‍ॅप चालेनाशी होतील. कोणते नियम, हे सांगितले नाही. आणि १९ तारखेस नियमांची नवी प्रत निघाली. तीत अशा अ‍ॅपांना मनाई करणारे कलम होते. शिक्षा आधी, आरोप नंतर, आणि कायदा सर्वांच्या शेवटी!

या घटनेत आम्हांला त्या अरेरावीपेक्षा ते शेवटचे कलम अधिक विचार करण्याजोगे वाटते. ज्याला कोणाचेच भय नव्हते, ज्याने अ‍ॅप बंद पाडून आठवडा लोटला होता, त्याने ते कलम लिहिलेच का? ‘हम करे सो कायदा’ असे म्हणून तो स्वस्थ का बसला नाही? वकिलांनी सल्ला दिला असेल, हे खरे. पण वकिलांना तरी असे का वाटावे? आमच्या मते याचा अर्थ इतकाच की स्वतःच्या नियमाबाहेर उभे राहणे हे हॉब्सच्या राजालाही साधत नाही. नियम मोडून झाल्यावर तो ओशाळून, उशिरा का होईना, त्याच्या छायेत येऊन उभा राहतो. नियमाचा आधार न घेता केलेली सत्ता ही सत्ता राहत नाही, नुसता दांडगेपणा होतो, हे त्यालाही कोठेतरी कळत असते.

अमेरिकन पंडित लॉन फुलर याने १९६४ मध्ये ‘कायद्याची नीती’ अशा अर्थाच्या नावाचा एक ग्रंथ लिहिला. त्यात रेक्स नावाच्या एका कल्पित राजाची कथा आहे. हा भला राजा आठ प्रकारे कायदा करू पाहतो आणि आठही प्रकारे फसतो. त्यांतला आठवा प्रकार म्हणजे जाहीर केलेला कायदा एक आणि राजाचे वर्तन दुसरे. फुलरचे म्हणणे असे की कायदा हा वरून खाली येणारा नुसता हुकूम नसून तो दोन्ही पक्षांमधला एक प्रकारचा अलिखित करार आहे. ‘तुम्ही हे नियम पाळा, तुमच्याशी वागताना आम्हीही याच नियमांनी वागू,’ असे राजा बोलत असतो, आणि ते अभय तुटले की पाळणाराचे कर्तव्यही सैल होऊ लागते. यावर हार्ट या ऑक्सफर्डच्या विद्वानाने पुढच्याच वर्षी आक्षेप घेतला की ही नीती नव्हे, हे कौशल्य आहे. विष घालणारालाही आपले काम चोख करण्याचे काही नियम असतात, म्हणून त्या नियमांना कोणी विषप्रयोगाची नीती म्हणत नाही. आम्ही विद्यार्थिदशेत हा वाद वाचला तेव्हा हार्टच्या बाजूचे होतो. त्याची धार आम्हांला भुरळ घालीत असे. आज तसे वाटत नाही, आणि त्याचे कारण ग्रंथात नसून आमच्या त्या विद्यार्थ्याच्या चढलेल्या आवाजात आहे.

कौशल्य कमी पडले म्हणून कोणी संतापत नाही. पेठेची व्यवस्था ढिली असती, तपासनीस आळशी असते, तर तो हसला असता किंवा कंटाळला असता. त्याला संताप आला, कारण दोन वर्षांपूर्वी त्याने त्या नियमाला मनापासून होकार दिला होता. आज्ञा पाळणारा मनुष्य आज्ञेखाली असतो. पण कारण पटून नियम पाळणारा त्या नियमाचा भागीदार होतो. दसऱ्याच्या त्या चुकीनंतर वर्गण्या सोडताना आपण भीतीने वाकलो असे त्याला वाटले नव्हते. आईच्या आणि तिच्यासारख्यांच्या शांततेसाठी आपण काही सोसत आहो, आणि कंपनी व आपण या बाबतीत एकाच बाजूला आहो, असे वाटले होते. ज्या दुपारी ती दुसरी घंटा वाजली, त्या दुपारी त्याला उमगले की त्या बाजूला आपण एकटेच होतो. म्हणजे हानी झाली ती त्या दुपारची नव्हे. ती मागे, दोन वर्षांपूर्वीच्या त्याच्या सत्कृत्यापर्यंत गेली. ज्याला तो विवेक समजत होता ते निव्वळ शरण जाणे होते, असे त्याला कोणी उलट सांगितले. मनुष्याचे पैसे नेले तर ते पुन्हा मिळवता येतात. त्याने पूर्वी केलेल्या चांगल्या कृत्याचा अर्थच पालटला, तर ते परत करण्याची सोय कोणत्याही आयोगाकडे नाही.

हा मत्सर नव्हे कशावरून, असे कोणी म्हणेल. आम्ही त्याचीही परीक्षा घेतली. ‘उद्या कंपनीने तुलाही जाहिरातीची मोकळीक दिली, तर?’ असे आम्ही त्याला विचारले. त्याने क्षणाचाही विलंब न लावता ‘नको’ म्हटले. मत्सरी मनुष्याला दुसऱ्याजवळ असलेली वस्तू हवी असते. याला ती वस्तू मुळीच नको होती, नियम खरा हवा होता. २०२० मध्ये अ‍ॅपलने जाहिरातीच्या घंटेचा नियम सैल केला, तेव्हा कंपनी स्वतः पूर्वीपासून अशा सूचना धाडतच होती, आता निदान सर्वांना सारखे झाले, असे पुष्कळांनी म्हटले. सारखे झाले हे खरे. पण समता दोन रीतींनी साधते. वरच्याने खाली उतरून किंवा दोघांनीही चिखलात उतरून. दुसऱ्या रीतीने मत्सर शमतो, आमच्या विद्यार्थ्याचा संताप शमत नाही.

तथापि नियमकर्त्याचा प्रत्येक नियमभंग आम्ही एका मापाने मोजणार नाही. मुलाला तंबाखू खाऊ नको म्हणणारा बाप कोपऱ्यात जाऊन तंबाखू खातो. तो नियम मोडतो खरा, पण आपण नियमाबाहेर आहो असे तो मानीत नाही. मुलाने पाहिले तर तो खजील होतो, आणि त्या खजील होण्यातच नियम शाबूत राहतो. दुर्बलता निराळी आणि सूट निराळी. मोठ्या कंपन्यांच्या बाजूने असेही सांगण्यात येते की त्यांत हजारो माणसे कामाला असतात, जाहिरातीच्या खात्याला तपासणीच्या खात्याचे नियम ठाऊक नसतात, डाव्या हाताचे उजव्याला कळत नाही. हे निखालस खोटे आहे असे आम्ही म्हणणार नाही. महाविद्यालयाच्या कचेरीत तीस वर्षे काढलेल्याला ते समजण्यासारखे आहे. पण बाहेरच्या डेव्हलपरच्या वाटेवर जी वेस आहे ती आपल्या जाहिरात-खात्याच्या वाटेवर नसावी, हे तर कोणीतरी ठरवलेले असते. अज्ञान हे त्या ठरवण्याचे फळ आहे.

आणि ती वेस आपल्या वाटेवर बांधता येते, याचे उदाहरणही आहे. पैसे देऊन आपल्या पानाकडे दुवे लावून घेणे, जेणेकरून शोधयादीत आपण वर यावे, हे गूगलच्या नियमांनी निषिद्ध आहे, आणि त्यासाठी तिने अनेक व्यापाऱ्यांची पाने खाली ढकललेली आहेत. जानेवारी २०१२ मध्ये असे उघडकीस आले की गूगलच्याच क्रोम या ब्राउझरच्या प्रचारासाठी नेमलेल्या मध्यस्थांनी हेच केले आहे. तपासणी करणाऱ्या खात्याने क्रोमच्या पानाला निदान ६० दिवसांसाठी खाली ढकलले. लोक ब्राउझर शोधू लागले तरी ते पान वर दिसेना. हा सारा देखावा होता, क्रोमला तेवढ्याने काय तोटा होणार, असे त्या वेळीही काहींनी म्हटले. तोटा झाला नसेल. पण पूर्वी ज्यांची पाने खाली गेली होती त्या लहान व्यापाऱ्यांना त्या ६० दिवसांत निदान इतके कळले की आपल्याला शिक्षा झाली ती नियमाने झाली, आपण लहान होतो म्हणून झाली नाही. आमच्या वाचकांस येथे रामशास्त्री आठवतील. नारायणरावांच्या १७७३ मधील वधाबद्दल राघोबांना दोषी ठरवणारे रामशास्त्री पेशव्यांचेच न्यायाधीश होते, पेशव्यांचेच वेतन घेत होते. आणि त्या खात्यातला अधिकारीही गूगलचाच नोकर होता. दोन्ही प्रसंगांची उंची एक नाही हे सांगावयास नको. एकीकडे प्राणाची गोष्ट होती, दुसरीकडे शोधयादीतील जागेची. परंतु धन्याचे अन्न खाऊन धन्याविरुद्ध निर्णय देता येतो, आणि निर्णय द्यावा अशी जागा धन्याने आपल्याच घरात राखून ठेवावी लागते, एवढे दोहोंत समान आहे. गूगलने ती जागा २०१२ मध्ये राखली, आणि पैशाच्या बाबतीत २०२२ च्या निर्णयात तीच राखलेली दिसली नाही. यावरून ती एकदा राखली की कायमची राहते असेही नाही.

हे सर्व आम्ही त्या विद्यार्थ्याला थोडक्यात सांगितले. त्याने ऐकून घेतले, आणि मग जरा संकोचून एक गोष्ट काढली. सोळा-सतरा वर्षांपूर्वी तो आमच्या वर्गात होता. घंटा झाल्यावर पाच मिनिटांनी वर्गाचे दार लावून घेण्याचा आमचा परिपाठ होता, आणि वेळेचा आदर हा दुसऱ्याचा आदर आहे असे आम्ही त्याचे कारण सांगत असू. एकदा तो उशिरा आला आणि आम्ही त्याला परत पाठवले. तो मुकाट्याने गेला. पुढे त्याच पावसाळ्यात एके दिवशी आम्हीच पंधरा मिनिटे उशिरा पोहोचलो, छत्री कोपऱ्यात ठेवली, आणि काही न बोलता आदल्या दिवशी जेथे सोडले होते तेथून शिकवावयास प्रारंभ केला. आम्हांला तो दिवस मुळीच आठवत नाही. त्याला छत्रीचा रंगसुद्धा आठवत होता.

‘मी त्यानंतरही वेळेवरच येत होतो, सर,’ तो म्हणाला. ‘वर्ष संपेपर्यंत एक दिवस चुकलो नाही. पण त्या आधी येत होतो ते तुम्ही सांगितले ते पटले होते म्हणून. नंतर येत होतो ते दार लागते म्हणून.’

त्याने हे तक्रारीच्या स्वरात सांगितले नाही. आम्ही जो प्रश्न सोडवीत होतो त्यातला एक आकडा पुढे ठेवावा तसे सांगितले. आम्ही त्यास काय उत्तर दिले ते येथे लिहिण्यासारखे नाही, कारण आम्ही काही उत्तर दिले नाही. पुन्हा चहा ठेवावयास सांगितला. निघताना आम्ही त्याला विचारले की आता पुढे काय करणार. आणखी एक दसरा येईल, वर्गण्या तर कमीच आहेत. तो म्हणाला, अ‍ॅपची नवी आवृत्ती तयार आहे, जाहिरातीची घंटा तीत नाही आणि घालणारही नाही. मग दारात जोडे चढवता चढवता थांबून म्हणाला, ‘मात्र आता ते कंपनीचा नियम म्हणून नाही. आईला विचारले. ती नको म्हणाली.’